चुली किती

थोरली : कालपासून ही रेघ चार बोटं इकडे सरकली आहे.

धाकटी : कुठली रेघ?

थोरली : ही, खडूची. आपल्या दोघींच्या मधली. काल संध्याकाळी माझ्या सतरंजीच्या कडेपासून रेघेपर्यंत एक वीत जागा होती, आता चार बोटं कमी आहे. आणि ही रेघ ताजी आहे. जुनी पुसून नवी ओढलीये. पुसल्याचा पांढुरका पट्टा दिसतोय बघ.

धाकटी : जाऊबाई, अकरा दिवस झाले आपण या शाळेच्या हॉलमध्ये पडून आहोत. तिकडे सीमेवर रोज तोफा धडाडतायत, आपलं गाव जागेवर आहे की नाही कुणाला ठाऊक, चारशे माणसं एका छपराखाली, आंघोळीला रांग, संडासला रांग, रांगेत उभं राहायलासुद्धा रांग, आणि तुम्ही रेघ मोजताय.

थोरली : दूध केंद्रावर वीस वर्षं लोकांच्या दुधातलं पाणी मोजलं. सवय आहे. कुणी सरकवली, एवढंच विचारते.

धाकटी : भिंगरीने. पाय पसरायला जागा पुरत नाही म्हणाली. म्हटलं, अगं, काकूच्या जागेत जातेयस. तर म्हणते, खडूचीच तर आहे.

थोरली : बरोबर आहे तिचं. घरातली भिंत विटांची होती म्हणून आपण दोघी वाचलो. नाहीतर तीही या पोरीने पुसली असती.

धाकटी : त्या भिंतीचं नाव काढू नका. मला आता एकटीला आठवलं तरी हसू येतं. तो गवंडी बिचारा तीनदा विचारत होता, बाई, भिंत स्वयंपाकघराच्या बरोबर मधून घेतली तर खिडकीवर येतेय, थोडी डावीकडे घेऊ का? आणि तुम्ही टेप धरून उभ्या. डावीकडे नाही, मधून म्हणजे मधून.

थोरली : उजवीकडेही नाही, असं तू म्हणालीस.

धाकटी : म्हणाले. मग काय झालं? एक झडप तुम्हाला, एक मला.

थोरली : कडी तुझ्या झडपेला, ती अडकायची जागा माझ्या झडपेला आणि मधे भिंत. वारा सुटला की मी माझी झडप सुतळीने बांधायची, तू तुझी विटेने दाबायचीस. सात वर्षं दोघींनी एक खिडकी लावली नाही. मी शिकलेली म्हणवून घेत होते.

धाकटी : आता ही बया आली की सांगू का तिला हे?

थोरली : कोण?

धाकटी : ती मदतीवाली. नोंदणीची. बघा, आपल्याच दिशेने येतेय. मी डोळे मिटून पडते, तुम्ही सांगा झोपलीये म्हणून.

थोरली : काल तू झोपली होतीस, परवा मी. आज कोण उरलंय झोपायला?

(नोंदणीवाली फॉर्मचं पॅड घेऊन येते आणि दोघींच्या मधे, रेघेवरच बसते.)

नोंदणीवाली : मावशी, वहिनी, मी आज चौथ्यांदा येतेय. तिन्ही वेळा तुम्ही 'उद्या सांगतो' म्हणालात. आज मात्र उद्या नाहीये. तीन वाजता बस सुटते, त्याआधी मला यादी द्यायची आहे. आता अडीच वाजलेत.

थोरली : रकाना सात.

नोंदणीवाली : रकाना सात. बाकी सगळं भरलंय. 'चुली किती' तेवढं राहिलंय.

धाकटी : वय विचारलंत, सांगितलं. आजार विचारलेत, सांगितले. मी तर न विचारलेलेही सांगितले. एवढाच प्रश्न आला की आमची दातखीळ बसते.

नोंदणीवाली : कागद असते तर मी विचारलंच नसतं. तुमच्या दोघींच्या वेगळ्या शिधापत्रिका आहेत म्हणालात ना?

थोरली : आहेत. तिकडे आहेत. आम्हाला निघायला दहा मिनिटं दिली होती. माझी तयारी आधीपासून होती, कारण मी तयारी करणाऱ्यांतली. घरात दोन फायली. एकीवर 'महत्त्वाचे' लिहिलेलं, दुसरीवर 'किरकोळ'. मी धावत जाऊन 'महत्त्वाचे' उचलली.

नोंदणीवाली : मग?

थोरली : मग काय. चोरांना फसवायला खरे कागद मी 'किरकोळ'मध्ये ठेवले होते. 'महत्त्वाचे'मध्ये पंख्याची हमीपत्रं आणि लाइटची जुनी बिलं. चोर कधी आलेच नाहीत. फसले ती मी.

धाकटी : माझं विचारा. मी दहा मिनिटं गव्हाचं पोतं ओढत होते. भिंगरीला एका हाताला धरलंय, दुसऱ्या हाताने पोतं, म्हटलं काही झालं तरी पोर उपाशी राहायला नको. ट्रकमधल्या दोन माणसांनी ते वर चढवलं. इथे येऊन उघडलं तर पेंड. म्हैस तिकडे राहिली, तिची पेंड इथे आली. आणि कागद आमच्या ह्यांच्या खिशात, हे आणि थोरले दादा तिकडे म्हशीजवळ.

नोंदणीवाली : म्हणून तुमच्या बोलण्यावरच लिहायचंय. पुन्हा एकदा नीट सांगते, म्हणजे नंतर मला बोल नको. एका चुलीवर जेवतात ती माणसं एक कुटुंब. तुम्ही दोन चुली म्हणालात तर दोन कुटुंबं. वहिनी आणि भिंगरीला मागच्या वसाहतीत खोली मिळेल. दार असलेली, आतून कडी लागते, नळ शेजारीच. मावशी मग एकट्या ठरतात, म्हणून त्या एकट्या बायकांच्या निवासात. ते इथे नाही, साठ किलोमीटरवर आहे. तीनची बस तिकडेच जाते.

थोरली : आणि एक म्हटलं तर?

नोंदणीवाली : तर तिघींना वरचा वर्ग. तोही अर्धा, मधे चादर, पलीकडे सहा माणसांचं दुसरं कुटुंब. शेगडी एक, भांड्यांचा संच एक. खोली नाही. आणि एकदा लिहिलं की बदलत नाही. लोक परत जाईपर्यंत तेच.

थोरली : सरळ आहे. दोन लिहा.

नोंदणीवाली : दोन?

थोरली : पोरीला दार असलेली खोली मिळतेय. मी एकटी कुठेही राहीन. माझं सामान म्हणजे एक पिशवी आणि दुधाची घनता मोजायची एक नळी, तीही इथे कुणाच्या उपयोगाची नाही.

धाकटी : एवढं सरळ होतं तर तीन दिवस का नाही सांगितलंत?

थोरली : विचार करत होते.

धाकटी : दुधाचं एक भांडं तपासायला किती वेळ लागायचा तुम्हाला?

थोरली : चार मिनिटं.

धाकटी : तेच म्हणते.

नोंदणीवाली : वहिनी, दोन कुटुंबं लिहायची तर दोघींच्या सह्या लागतील. इथे मावशींची, खाली तुमची.

धाकटी : मी नाही करत सही.

थोरली : का?

धाकटी : माझी मर्जी.

थोरली : खोली नकोय तुला? काल तूच म्हणालीस ना, पोर दचकून उठते, समोरचे आजोबा घोरले तरी तिला गोळा पडल्यासारखं वाटतं. आंघोळीला पोरीला घेऊन पाऊण तास रांगेत उभी होतीस सकाळी.

धाकटी : हवी आहे खोली. पण तुम्ही अशा हुतात्मा होऊन बसमध्ये चढणार, आणि मग गावभर होणार, थोरलीने धाकटीसाठी केवढं केलं. मी त्या खोलीत कडी लावून बसू आणि तुमचं मोठेपण कपाळाला लावू का? बाई, तुम्ही तुमची यादी द्या. आमचं नाव खोडून टाका. आम्ही कुटुंबच नाही असं लिहा.

नोंदणीवाली : तसा रकाना नाहीये. खरं सांगू का? हा चुलीचा प्रश्न माझाच आहे.

थोरली : तुझा म्हणजे?

नोंदणीवाली : आमच्या संस्थेचा फॉर्म मी तयार केला. मी संख्याशास्त्र शिकले आहे. आधीच्या फॉर्ममध्ये 'कुटुंबातील व्यक्ती' असा रकाना होता, लोक त्यात काहीही सांगायचे. एका आजोबांनी मेलेला भाऊ धरला होता, एकीने शेजारीण. मला वाटलं, जे मोजता येईल तेच विचारावं. चूल मोजता येते. तीन महिने त्यावर बैठका घेतल्या. एवढा निर्दोष प्रश्न सुचल्याबद्दल माझी मीच पाठ थोपटून घेतली.

धाकटी : मग काय बिघडलं?

नोंदणीवाली : इथे आल्यावर कळलं की इथे चूलच नाही. तुम्ही सगळे एकाच मोठ्या भटारखान्यातून जेवताय. माझ्या व्याख्येने या हॉलमधली चारशे माणसं एक कुटुंब, आणि त्यांना एक शेगडी द्यायला हवी. शिवाय माझ्या घरी मी आठला जेवते, नवरा दहाला, मुलगी खोलीत ताट नेऊन कधीतरी. आम्ही तीन कुटुंबं.

थोरली : तुला संस्थेत सांगायला हवं होतं.

नोंदणीवाली : सांगितलं. म्हणाले, प्रश्न तुझाच आहे, आता छापून झालाय. बरं, सही राहू दे. मला एवढंच सांगा, गावी चुली दोन कधीपासून? तारीख असली तर मी तीच कारण म्हणून लिहीन. तुमच्यावर काही येणार नाही.

धाकटी : सात वर्षं. भिंगरी चार महिन्यांची होती.

नोंदणीवाली : आणि कशावरून?

धाकटी : सांगा जाऊबाई.

थोरली : तू सांग.

धाकटी : शिट्ट्यांवरून.

नोंदणीवाली : कसल्या?

धाकटी : कुकरच्या. या म्हणायच्या, डाळीला तीन शिट्ट्या पुरतात. मी पाच करायचे. या येऊन तिसऱ्या शिट्टीला गॅस बंद करायच्या, या गेल्या की मी परत लावायचे.

थोरली : तिसऱ्या शिट्टीनंतर मंद आचेवर सात मिनिटं, असं मी म्हणत होते. नुसत्या तीन नाही. सात वर्षं ही चुकीचं सांगत फिरतेय.

धाकटी : आणि तुमची डाळ सात वर्षं कच्ची आहे. दादा गुपचूप माझ्याकडे यायचे वाटी घेऊन.

थोरली : कोण यायचं?

धाकटी : जाऊ दे.

थोरली : आमचे हे तुझ्याकडे जेवायचे?

धाकटी : जेवायचे नाहीत, वाटी न्यायचे. मागच्या दाराने. तुम्ही दूध केंद्रावर असायच्या तेव्हा.

थोरली : वीस वर्षं मी भेसळ पकडत होते.

नोंदणीवाली : हे मी लिहीत नाहीये.

धाकटी : लिहा की, काय फरक पडतो. तसंही ते दोघं भाऊ तिकडे एका चुलीवर आलेत.

थोरली : म्हणजे?

धाकटी : सकाळी ह्यांचा फोन आला होता. दोन मिनिटं लागला, मग गेला. तुम्हाला सांगणार होते, पण तुम्ही त्या रेघेत गुंतला होता. नाही, खोटं कशाला बोलू. सांगायचं धाडस होत नव्हतं. तुमच्याकडचं छप्पर पडलं.

थोरली : कधी?

धाकटी : आठवडा झाला म्हणाले. दादांना काही नाही झालं, ते तेव्हा गोठ्यात होते. मी तीनतीनदा विचारून घेतलं. तेव्हापासून दादा आमच्याकडे राहतात. म्हणजे आमच्या बाजूला. दोघं मिळून भात टाकतात, एक करपवतो, दुसरा खातो. कुणी कुणाला काही म्हणत नाही. बोलतात फक्त म्हशीबद्दल.

थोरली : भांडी वगैरे गेली असतील.

धाकटी : हं.

थोरली : आणि भिंत?

धाकटी : भिंत उभी आहे.

थोरली : छप्पर गेलं आणि भिंत उभी आहे?

धाकटी : म्हणाले, जराही हललेली नाही.

थोरली : गवंडी चांगला होता.

धाकटी : हसू नका जाऊबाई. तुम्ही हसलात की मला रडू येतं.

नोंदणीवाली : पाणी आणू का मावशी?

थोरली : नको. किती वाजले?

नोंदणीवाली : पावणेतीन होतील. मी आधी दुसऱ्यांचं आटोपून येऊ का?

थोरली : बस तू. ऐकायला कुणी तिसरं असलं तर बरं, नाहीतर आम्ही दोघी परत शिट्ट्यांवर येऊ. ते शिट्ट्यांवरून झालं नव्हतं.

धाकटी : मला माहीत आहे.

थोरली : काय माहीत आहे?

धाकटी : तुम्ही बोला. तुमचं आधी.

थोरली : हिची पोर झाली तेव्हा मला खोकला होता. दवाखान्यातून पोर घरी आणली, मी दारातच हात पुढे केले. ही म्हणाली, खोकला जाईपर्यंत घेऊ नका. बरोबरच होतं. मीही तेच म्हटलं असतं. नवं मूल, दोन दिवसांचं, मी स्वतः चार हात लांब उभी राहिले. आठ दिवसांत खोकला गेला.

नोंदणीवाली : मग?

थोरली : मग मी वाट बघितली. कुणीतरी म्हणेल, आता घ्या. कुणी म्हणालं नाही. मला मूल नाही, तेव्हा आपण होऊन मागायचं म्हणजे, नाही जमलं मला. मी मनाशी मुदत ठरवली, पंधरा दिवस. मग महिना. मग चार महिने. मोजत बसले नुसती. त्यानंतर एक दिवस डाळ शिजत होती, आणि मी शिट्टीवरून भांडले. शिट्टीवरून भांडता येतं. या गोष्टीवरून कसं भांडायचं, ते मला येत नव्हतं.

धाकटी : तुम्ही खोकला गेला असं सांगितलंतच नाही.

थोरली : खोकला गेला की ऐकू येत नाही. त्यात सांगायचं काय?

धाकटी : मला काय कळणार? मी एकवीस वर्षांची, रात्रंदिवस पोर रडतेय, मला दिवस कुठला आणि वार कुठला याचा पत्ता नाही. मी बघायचे, तुम्ही पाळण्याच्या बाजूने यायच्या आणि वळून जायच्या. मला वाटलं, मी दारात हात अडवला त्याचा तुम्हाला एवढा राग आलाय की आता पोरीकडे बघायचंसुद्धा नाही. म्हटलं, कधीतरी येतील, स्वतःहून उचलतील, तेव्हा मी काही बोलणार नाही. पाच महिने मी पाळणा मुद्दाम तुमच्या वाटेत ठेवला होता. भिंत झाल्यावर तो हलवला.

थोरली : मला वाटलं, मला अडवायला ठेवलाय.

धाकटी : जाऊबाई, तुम्हाला दुधातलं पाणी दिसायचं.

थोरली : दिसायचं. त्याला नळी होती.

नोंदणीवाली : मावशी, बस लागलीये. ड्रायव्हर यादी मागतोय. मी त्याला पाच मिनिटं थांबवते, त्याहून जास्त नाही थांबायचा तो.

थोरली : धाकटे, तू सांग. खोली तुझी जाणार आहे. पोर तुझी आहे. चादरीपलीकडे सहा माणसं, रांगेतली आंघोळ, हे सगळं तुला काढायचंय. तू म्हणशील ते लिहू.

धाकटी : मी नाही सांगणार.

थोरली : का म्हणून?

धाकटी : मी राहा म्हटलं, तर उद्या पहिल्याच भांडणात तुम्ही म्हणाल, तू म्हणालीस म्हणून राहिले. मी तुम्हाला ओळखते. आणि जा म्हटलं, तर ते जन्मभर पुरेल तुम्हाला. मागच्या वेळी तुम्ही माझ्या तोंडाकडे बघत राहिलात आणि मी तुमच्या. या वेळी मी पदराला गाठ मारलीये, एक अक्षर बोलणार नाही. मला काय हवंय ते तुम्हाला दिसतंय. तोंडाने तुम्ही सांगायचं.

थोरली : आणि भांडणं होतील. अर्ध्या वर्गात, एका शेगडीवर. रोज होतील.

धाकटी : ...

थोरली : बोल की.

धाकटी : ...

थोरली : ही खरंच बोलत नाहीये. अकरा दिवसांत पहिल्यांदा.

नोंदणीवाली : मावशी, लिहू ना? रकाना सात. चुली किती?

थोरली : एक.

नोंदणीवाली : एक. आणि माणसं? तीन ना?

थोरली : पाच लिही. दोघं अजून यायचे आहेत.